गॅलरीतला शीतकटिबंध

ज्या मातीत जे फळ विनासायास पिकते त्या फळाविषयी त्या मातीवर राहणाऱ्या मनुष्यास आदर वाटेनासा होतो, आणि जे फळ त्या मातीत कोणत्याही उपायाने पिकणे शक्य नाही त्याच्या लागवडीची आकांक्षा मात्र त्याच मनुष्याच्या अंतःकरणात निवृत्तीनंतर प्रबळ होते, हा उद्यानविद्येचा पहिला सिद्धान्त असून कोणत्याही क्रमिक पुस्तकात त्याचा समावेश अद्याप झालेला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो आमच्या सोसायटीत येऊन पडताळून पाहावा, अशी आमची नम्र सूचना आहे. चहाची व्यवस्था होईल. फळांची मात्र हमी देता येत नाही.

मीरा-भाईंदर ही मुळात मिठाची आणि मासळीची भूमी. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, पूर्वेस घोडबंदरचे डोंगर आणि या तिहींच्या मध्ये मिठागरे, खाजणे व भातखाचरे, अशी या मुलखाची जुनी वहिवाट होती. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि दरम्यानच्या काळात भातखाचरांतून इमारतींचे पीक अशा जोमाने वर आले की त्याची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेल्याचे कोणासही स्मरत नाही. या इमारतींत जो मराठी मनुष्य राहावयास आला त्याची वडिलोपार्जित जमीन संगमेश्वर, माण किंवा चंदगड तालुक्यात भाऊबंदकीत अडकलेली असते, सातबाऱ्यावर त्याचे नाव ‘इतर हक्कां’च्या रकान्यात असले तर असते, आणि ते तेथून वर सरकवण्याकरिता तलाठ्याकडे जितके हेलपाटे घालावे लागतात तितके आयुष्य त्याच्यापाशी शिल्लक नसते. सबब ग्रिल लावून पुढे काढलेली तीन फूट रुंदीची गॅलरी हीच त्याची जिरायत, हीच त्याची बागायत, आणि दरमहाचा मेंटेनन्स हाच त्याचा शेतसारा होय.

आमच्याच मजल्यावर राहणारे, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक सद्‌गृहस्थ या नव्या जमीनधारक वर्गाचे अग्रणी आहेत. आयुष्यभर इतरांच्या पिकांची नोंद केलेल्या या गृहस्थाने स्वतःच्या गॅलरीसाठी एक पीकपाहणीची वही घातली असून तीत कुंडी क्रमांक, पिकाचे नाव, जलसिंचनाचे साधन (‘तांब्या’), अंदाजे उत्पन्न आणि शेरा असे रकाने सुबक हस्ताक्षरात आखलेले आहेत. तुळस, गवती चहा, अळू व ओवा ही पिके त्यांच्याकडे यथास्थित येत. पण त्या नोंदींपुढील शेऱ्याचा रकाना ते कोराच ठेवीत. जे येणारच आहे त्यावर शेरा तो काय मारावयाचा!

या शांत कारभारात व्यत्यय आला तो कॅनडाहून. अव्वल कारकुनांची कन्या सॅस्काटून या गावी राहते, जेथे जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरला तरी शाळा भरतात आणि लोक त्याविषयी हवापाण्याच्या गप्पांत ओझरता उल्लेख करून पुढच्या विषयाकडे वळतात. त्या गावच्या विद्यापीठाने अशा हवेतही घरामागे फळे लागावीत म्हणून दीर्घ उद्योग केला आहे. आंबट चेरी आणि मंगोलिया-सैबेरियाकडील रानटी, खुजी चेरी यांचा संकर करण्याचे काम लेस कर नामक संशोधकाने १९४० च्या दशकात हाती घेतले, विद्यापीठाने ते पुढे चालवले, आणि १९९९ साली ‘कारमाइन ज्युवेल’ नावाची, शिडीवाचून फळे तोडता येतील अशी पुरुषभर उंचीची झुडपी चेरी प्रसिद्ध केली; २००४ साली तिच्या पाठोपाठ ‘रोमिओ’ आणि ‘ज्युलिएट’ या जातीही आल्या. त्याच विद्यापीठाच्या बॉब बोर्स यांनी हनीबेरीच्या ‘टुंड्रा’, ‘बोरिआलिस’ इत्यादी नव्या जाती सिद्ध केल्या. ही हनीबेरी म्हणजे सैबेरियापासून जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत रानोमाळ आढळणारे, निळ्या लांबट फळांचे एक चिवट झुडूप असून ते उणे चाळीस अंशांच्या खालीही जिवंत राहते आणि त्याची फुले उणे सात अंशांतदेखील कोमेजत नाहीत. तिची एक अट मात्र आहे. एकाच जातीची कितीही झाडे लावली तरी फळ धरत नाही. शेजारी वेगळ्या कुळीचे दुसरे झाड असावे लागते. सगोत्र विवाहाचा इतका कडक निषेध आजकाल आपल्या समाजातही राहिलेला नाही, असे अव्वल कारकून प्रशंसेने म्हणाले.

कन्येने एका रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर आपल्या परसातील चेरीचे भरलेले पातेले दाखवले, आणि त्या क्षणापासून गॅलरीतील अळूवर पित्याची अवकृपा झाली.

कन्येनेच दोन रोपे टपालाने धाडावी हा पहिला विचार. परंतु सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या मनुष्यास नियम ठाऊक असतात, आणि नसले तर ते हुडकून काढल्यावाचून त्यास झोप येत नाही. परदेशी रोपांबरोबर परदेशी कीड व रोग येऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९१४ पासून कायदा आहे, आणि २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशान्वये जिवंत रोप देशात आणावयाचे तर आगाऊ आयात परवाना व निर्यातदार देशाच्या अधिकाऱ्याचे आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक ठरते. अव्वल कारकुनांना या निर्बंधाचे दुःख झाले नाही. उलट जगात एका तरी विषयात दाखल्यावाचून पान हलत नाही हे वाचून त्यांच्या मुद्रेवर समाधान पसरले. त्यांनी केवळ एक पूर्वदाखला नमूद केला. फिलाडेल्फियाहून १९०४ साली हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युअल स्टोक्सने १९१६ च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढ येथे अमेरिकेतून मागवलेली सफरचंदाची रोपे लावली, तो स्वतः असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला, पुढे धर्माने व नावाने सत्यानंद झाला, आणि त्याच्या त्या रोपांनी हिमाचल प्रदेशाचे अर्थकारण पालटले. परक्या मुलखातून मागवलेली रोपे जर इतके करू शकतात तर भाईंदरने मागे का राहावे, असा त्यांचा सवाल होता. कोटगढ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या आसपास आहे, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणले. भाईंदरची उंची किती, हा प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवला, कारण पावसाळ्यातील भरतीच्या वेळी तो वादग्रस्त असतो.

मग एतद्देशीय विक्रेत्यांचा शोध सुरू झाला. पूर्वी १८८४ पासूनच्या पुण्याच्या पेस्तनजी पोचा यांच्या दुकानातून बियाणे मागवण्याची चाल होती, तेव्हा मनुष्य पत्र लिही, उत्तराची वाट पाही, आणि तेवढ्या अवधीत त्याचा उत्साह पुष्कळदा आपोआप ओसरून पैसे वाचत. आता बोट टेकताच मागणी नोंदवली जाते व पश्चात्तापास मुदत मिळत नाही. एका विक्रेत्याच्या पानावर ‘अतिशीत प्रदेशातील झुडपी चेरी, सर्व हवामानांत हमखास, कुंडीत पहिल्याच वर्षी भरघोस फळे’ असा मजकूर होता, आणि त्याखाली हनीबेरीच्या जोडरोपांवर सणानिमित्त सूट होती. या जाहिरातीतील पूर्वार्ध व उत्तरार्ध एकमेकांस खोडून काढतात हे ज्याने आयुष्यभर परस्परविरोधी जबान्या वाचल्या त्याच्या लक्षात आले नसेल असे नव्हे. पण जबानी स्वतःला हवी तशी असली की तीत विसंगती दिसत नाही, हा न्यायदानाचाही अनुभव आहे.

पार्सल आले. वॉचमनने ते उलटे धरून आणले होते. आत वर्तमानपत्रांच्या बोळ्यांत गुंडाळलेले चेरीचे एक हिरवेगार रोप आणि हनीबेरी म्हणून पाठवलेल्या, पेन्सिलीहून किंचित लांब अशा दोन काड्या होत्या. कुंड्या भरल्या गेल्या, शेणखत व कोकोपीट यांचे प्रमाण तोलून घेतले गेले, आणि वहीत कुंडी क्रमांक सात, आठ व नऊ यांची रीतसर नोंद झाली.

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. चेरी, सफरचंद, नासपती हे वृक्ष हिवाळ्याच्या तोंडाशी पाने गाळून निद्रिस्त होतात, आणि ही निद्रा मोडण्यासाठी त्यांना ऊब पुरत नाही, आधी थंडी लागते. ठरावीक तास गारठा भोगल्यावाचून कळीतील प्रतिबंध उठत नाही व ती उमलत नाही. माघात चार दिवस ऊन पडले म्हणून फसून फुलावे आणि पुढच्या हिमपातात सारा बहर गमवावा, असे होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. हे तास मोजण्याची जुनी रीत म्हणजे पारा ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली राहिला तेवढेच तास हिशेबात धरणे, आणि गोड चेरीच्या बहुतेक जाती असे हजाराच्या आसपास तास मागतात. आता सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले सर्वांत कमी तापमान म्हणजे २२ जानेवारी १९६२ चे ७.४ अंश. म्हणजे मुंबईच्या उपनगरांनी आपल्या नोंदलेल्या इतिहासात थंडीची जी पराकाष्ठा केली ती दोन दशांश अंशाने अपुरी पडली, आणि चेरीच्या खात्यावर एक ताससुद्धा जमा झाला नाही. ही आकडेवारी आम्ही अव्वल कारकुनांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, ती पुन्हा वाचली आणि शांतपणे उत्तर दिले, “भाईंदर सांताक्रूझच्या उत्तरेस आहे.”

निसर्गाकडून जे येणे आहे ते वसूल होत नसेल तर ते अन्य मार्गाने उभे करावे, या महसुली तत्त्वानुसार कुंड्यांना बर्फ देण्याचे ठरले. शीतकपाटातील बर्फाचे साचे पहिल्या आठवड्यातच कमी पडले. शिवाय त्याच शीतकपाटात, कोथिंबीर आणि मुरांबा यांच्या मधोमध, कन्येच्या सांगण्यावरून ओल्या वाळूत घातलेल्या काश्मिरी चेरीच्या बिया तीन महिन्यांच्या थंडीसाठी ठेवल्या होत्या. “अहो, घरात माणसांनी काय खायचं ते आता तुमच्या बियांना विचारून ठरवायचं का?” असा प्रश्न त्यांच्या पत्नीने भरल्या घरात विचारला, आणि बर्फाचा पुरवठा बाहेरून करावा असे उभयपक्षी मान्य झाले. उत्तनच्या बंदरावर मासेमारीच्या होड्यांसाठी बर्फ मिळतो, तो तेथून मासळी घेऊन येणाऱ्या कोळिणीकडून दिवसाआड मिळू लागला. बर्फ शुद्ध होता, परंतु तो ज्या टोपलीतून येई तीत बोंबलांचे दीर्घकाल वास्तव्य झालेले असल्यामुळे कुंडी क्रमांक सात, आठ व नऊ यांतून सायंकाळी जो दरवळ सुटे तो सॅस्काटूनच्या परसात कोणी अनुभवला नसेल. विभागातील मांजरांनी उद्यानविद्येत असा रस यापूर्वी कधीही दाखवला नव्हता. बर्फात भाईंदरचेच मीठ मिसळले तर तापमान शून्याच्याही खाली उतरेल, हे कुल्फीवाल्याच्या हंड्यावरून सिद्ध असलेले शास्त्रही त्यांना सुचले होते. पण खारटपणाने मूळ करपेल हे मिठागराकाठी जन्मलेल्या वॉचमनने वेळीच सांगितले म्हणून तो प्रयोग कागदावरच राहिला.

वितळलेल्या बर्फाचे पाणी खालच्या मजल्यावरील वाळवणावर ठिबकू लागले तेव्हा सोसायटीच्या सचिवांची नोटीस आली. तिला दिलेले उत्तर फायलीस जतन करण्यायोग्य आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कैफियत सादर करण्यात येते की, सदर पाणी हे सांडपाणी नसून हिवाळा होय, तो निम्नस्वाक्षरीकाराने स्वखर्चाने उत्पन्न केला असून त्याचा काही अंश खालील सदनिकेस विनामूल्य प्राप्त होत असल्यास त्याबद्दल मोबदला मागण्याचा निम्नस्वाक्षरीकाराचा इरादा नाही. मांजरांबाबत असे की, ती या इमारतीची सभासद नसल्यामुळे त्यांच्यावर उपविधी लागू होत नाहीत.’ सचिवांनी हे प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे ठरवले, म्हणजेच त्यास वर्षभराची मुदतवाढ मिळाली.

थंड मुलखाची फळे महाराष्ट्रात येतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. साडेचार हजार फुटांवरील महाबळेश्वरास इंग्रजांनी आरोग्यस्थान वसवले तेव्हा तेथील तुरुंगात १८३४ पासून चिनी व मलायी कैदी ठेवले होते, आणि परमुलखातील भाज्या पिकवण्यात त्या कैद्यांचा हात मोठा होता. त्याच डोंगरावर इंग्रजांनी आणलेली स्ट्रॉबेरी रुजली आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. पेरू, काजू, पपई, अननस आणि मिरची ही मंडळी तर अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आली, त्यांना हवा मानवली, आणि आता कोकणी मनुष्य त्यांच्याकडे परकी म्हणून पाहावयास तयार नाही. वनस्पतीला दाखला लागतो तो बंदरावर. एकदा मातीने कबुली दिली की तिचे अधिवास प्रमाणपत्र पुन्हा कोणी तपासत नाही. ही कबुली अर्ज करून मिळत नाही, एवढीच अडचण.

आणि मग मृगाच्या आधी कुंडी क्रमांक सात फुलली. गुलाबी, झालरदार पाकळ्यांची इवली फुले आली, तिसऱ्या आठवड्यात हिरवे मणी धरले, आणि पाहता पाहता ते लालबुंद झाले. अव्वल कारकुनांचा आनंद वर्णनातीत होता. वहीतील शेऱ्याच्या रकान्यात ‘सांताक्रूझच्या आकडेवारीचा फेरविचार व्हावा’ अशी नोंद झाली, सॅस्काटूनला मध्यरात्री उठवून फळे दाखवण्यात आली, आणि सचिवांनाही निरोप गेला. हे सर्व चालू असता कोळीण बर्फ घेऊन आली, तिने टोपली उतरवली, एक फळ खुडून तोंडात टाकले आणि म्हणाली, “काका, ही तर आमच्या वाडीतली चेरी हाय. उत्तनला कुंपणाला लावतात. पोरं खिसे भरून खातात. हिला बर्फ कशाला घालता?”

ती खरे बोलत होती. विक्रेत्याने धाडली होती ती वेस्ट इंडीज चेरी, कॅरिबियन समुद्राकाठची, दमट उष्म्यात सुखावणारी, चेरीच्या कुळाशी कोणतेही नाते नसलेली. जीवनसत्त्व ‘क’ तिच्यात संत्र्याच्या कितीतरी पट अधिक असते, वर्षातून अनेकदा ती बहरते, आणि हिवाळ्याची तिला गरज नसते इतकेच नव्हे तर तिटकारा असतो. बर्फाचा तेवढा मारा सोसूनही ती फळली हा वस्तुतः तिच्या सहनशीलतेचा विजय होता. आम्ही तसे म्हणूनही पाहिले. परंतु अव्वल कारकुनांच्या मुद्रेवर आम्हांस जे दिसले ते फसवणुकीचे दुःख नव्हते. पदोन्नती मिळालेला मनुष्य मुळात वेगळ्याच नावाचा निघाला म्हणजे कचेरीत जी शांतता पसरते तशी ती मुद्रा होती. दुसऱ्या दिवशी कुंडी क्रमांक सात गॅलरीतून कमी करून खाली आवारात, वॉचमनच्या खोलीशेजारी ठेवण्यात आली व वहीत ‘वर्ग’ असा शेरा पडला. तेथे मुले तिची फळे कच्चीच खातात, आणि पिकेपर्यंत जी वाचतात त्यांचे सरबत सचिवांच्या घरी होते.

वास्तविक या देशातील मनुष्य चेरीपासून कधीच वंचित नव्हता. बेकरीतील केकवर, आइस्क्रीमच्या माथ्यावर आणि मसाला पानाच्या टोकाशी जी लालभडक चेरी खोचलेली असते ती पुष्कळदा चेरी नसून, बिया काढून साखरेच्या पाकात मुरवलेले व तांबड्या खाद्यरंगात न्हालेले करवंद असते. ज्या करवंदाच्या जाळीत संगमेश्वरच्या मुक्कामी अव्वल कारकुनांनी बालपणी अंगरखा फाडून घेतला, ज्याचा चावा घेऊन आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी असा पैजेचा खेळ ते खेळले, तेच करवंद त्यांनी पुढे कन्येच्या प्रत्येक वाढदिवसाला केकवरून चेरी म्हणून उचलून तिला भरवले. घोडबंदरच्या डोंगरात ते आजही आपोआप पिकते, मे महिन्यात आदिवासी बाया ते द्रोणांतून विकावयास आणतात, त्याला खत नको, पाणी नको, मशागत नको. अशा पिकाची नोंद कोण घेणार? करवंदाचे रोप गॅलरीत लावा असे आम्ही सुचवले तेव्हा अव्वल कारकून आमच्याकडे, वतनदारास मजुरी सुचवणाऱ्याकडे पाहावे तसे पाहू लागले.

तिकडे सॅस्काटूनमध्ये कन्येने दिवाणखान्यातील खिडकीशी एका कुंडीत कढीपत्ता लावला आहे. बाहेर उणे तीस अंश असताना त्याच्यावर जांभळ्या प्रकाशाचा दिवा जळतो, पाण्याची फवारणी करून भाईंदरसारखी दमट हवा राखली जाते, दार उघडताना झोत लागू नये म्हणून पडदा लावलेला आहे, आणि “बाबा, नवीन तीन पानं आली!” ही वार्ता ती ज्या स्वरात देते त्या स्वरात तिने आपल्या परसातील दोन पातेली चेरीचा कधी उल्लेख केलेला नाही. चेरी तिला आपोआप येते. तिचा मुरांबा ती शेजाऱ्यांना वाटून टाकते. फोडणीत मात्र ती कढीपत्ता घालत नाही, कारण पाने मोजकी आहेत. इकडे आमच्या बाजारात भाजीवाला मिरची-कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट देतो, आणि अव्वल कारकून तो नको म्हणून परत करतात.

हनीबेरीच्या दोन काड्या मात्र गॅलरीत मानाच्या जागी आहेत. त्या वाढत नाहीत, वाळतही नाहीत. एका काडीस एकदा अंकुरासारखे काही आले होते, ते कोळ्याचे जाळे निघाले. त्या खरोखर वेगळ्या कुळीच्या आहेत की सगोत्र, किंबहुना त्या हनीबेरीच्या आहेत की विक्रेत्याच्या कुंपणाच्या, हा प्रश्न फळ येईपर्यंत उपस्थित होत नाही, आणि फळाअभावी प्रकरण कायम प्रलंबित राहते, जी स्थिती महसूल खात्याच्या जुन्या सेवकास सर्वांत परिचयाची आहे. वहीत त्यांच्यापुढे ‘उत्पन्न : निरंक, शेरा : आशादायक’ असे दर हंगामास लिहिले जाते.

परवा वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. बर्फाचे प्रकरण विषयपत्रिकेवर होते, परंतु अव्वल कारकुनांनी ते मागे टाकणारा नवा अर्ज आयत्या वेळच्या विषयांत सादर केला. महाराष्ट्रात काही हौशी मंडळी बंद खोलीत यंत्राने गारवा राखून काश्मिरी केशराचे कंद फुलवतात. त्या धर्तीवर मीटरच्या खोलीलगतची पडीक अडगळीची खोली केशरासाठी नाममात्र भाडेपट्ट्याने द्यावी, अशी त्यांची विनंती होती. हरकती निघाल्या. विजेचे बिल कोणाच्या माथी, आग लागल्यास जबाबदार कोण, आणि अर्जात केशराचे म्हणून दिलेले पंपाम नावाचे गाव समुद्रकाठी आहे काय, असे प्रश्न सभासदांनी कसून विचारले. पंपाम नव्हे, पांपोर, आणि ते काश्मीरात आहे, अशी दुरुस्ती अर्जदाराने केली. सचिवांनी या साऱ्या खुळावर कडक भाषण केले, ठराव एकमताने तहकूब झाला, आणि सभा आटोपल्यावर जिन्याखाली तीन सभासदांनी अव्वल कारकुनांना बाजूस घेऊन केशराच्या कंदांचा भाव विचारला. त्यांत सचिव सर्वांत पुढे होते, आणि त्यांना पाव किलो हवे होते.